कपाशीला बांधलेला दोरा

संपादकांनी मला विषय दिला तो असा: पश्चिम खानदेशातल्या मुलांनी बी.एस्सी.नंतर संशोधनाकडे कसं वळावं, डॉक्टरेटच्या जागा कोठे असतात, आणि डॉक्टरेट झाल्यावर पुढं काय. फराळाच्या ताटाशेजारी हे कितपत रुचेल ठाऊक नाही, पण माहिती द्यायला माझी हरकत नाही. गेली काही वर्षं अशा जागांसाठी मुलं निवडणाऱ्या समितीवर मी बसतो. त्याआधी टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत मीही बसलो होतो. त्या बसण्याबद्दलची एक गोष्ट मी घरातसुद्धा सांगितलेली नाही. मी मुळात बोलका माणूस नाही, आणि न बोलण्याचा मला फायदाच झाला. पण ती गोष्ट वगळून नुसती माहिती दिली तर ती अर्धी राहील. तेव्हा दोन्ही देतो.

माहिती आधी. संशोधनाच्या जागेला वर्ग नसतो, घंटा नसते. एक मार्गदर्शक असतो, एक प्रश्न असतो आणि खानावळीपुरती शिष्यवृत्ती असते. पदार्थविज्ञानाच्या मुलाला आधी काच फुंकायला शिकावं लागतं, कारण त्याला हवं ते उपकरण बाजारात मिळत नाही. रसायनवाल्याचे कपडे वर्षभरात भोकाभोकांचे होतात. आमच्या वनस्पतिशास्त्रात पाठ जाते, ओणवं राहून राहून. प्रबंध टंकून झाला की बोटीनं परीक्षकाकडे विलायतेला जातो आणि त्याचं उत्तर येईपर्यंत माणूस पोस्टमनच्या सायकलीची घंटा ओळखू लागतो. डॉक्टरेट मिळाली की लोकांना वाटतं, संपलं. तसं नसतं. त्यानंतरही आणखी कोणाच्या तरी प्रयोगशाळेत वर्ष-दोन वर्षं उमेदवारी करावी लागते, तेव्हा कुठे हात स्वतःचा होतो. मला त्यासाठी विलायतेची जागा मिळत होती. लढाई सुरू झाली आणि ती राहिली. मी मुंबईतच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलो.

समितीवर आम्ही काय बघतो, असं मुलं विचारतात. मार्क बघतोच. पण प्रश्न मुलाचा स्वतःचा आहे का, हे जास्त बघतो. नंदुरबारकडचा रसायनाचा एक उमेदवार आला होता. मिरची सुकताना तिच्या तिखटपणाचं काय होतं, हा त्याचा प्रश्न. खोलीवरच मिरच्या उकळून त्यानं सुरुवातही केली होती. अध्यक्षांनी विचारलं, "आजवर कामात मुख्य अडचण कोणती आली?"

"घरमालक, साहेब," तो म्हणाला. "अर्क निघायच्या आत ते शिंकत वर येतात."

त्याला जागा मिळाली. प्रयोगशाळेत आता त्याच्या टेबलाशेजारी कोणी बसत नाही, एवढंच.

आता माझी गोष्ट.

मी ब्राह्मणपुरीचा. घरची शेती कपाशीची. एम.एस्सी. झाल्यावर मला शहाद्याजवळच्या एका कापूस संशोधन शेतावर हंगामी काम मिळालं, आणि मुंबईचे आमचे प्रोफेसर मला मार्गदर्शक म्हणून लाभले. डॉक्टरेटची एकच जागा वर्षभरानं सुटणार होती. प्रोफेसरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "काहीतरी हाती घेऊन ये. नुसतं हुशार मुलगा म्हणून मी तुला समितीपुढे उभा करणार नाही."

मी घेतलेला प्रश्न असा. आपली देशी कपाशी चिवट, कमी पाण्यात तगणारी, पण तिचा धागा आखूड. अमेरिकन कपाशीचा धागा लांब, पण ती नाजूक. दोघींचा संकर झाला तर? अडचण अशी की तो होतच नव्हता. दोघींचं गोत्र इतकं लांबचं की देशी फुलाला अमेरिकन पराग लावले तर फूल चार दिवसांत गळून पडे. सगळे म्हणत, जमणार नाही. मी म्हणत होतो, पुष्कळ फुलं केली तर एखादं धरेल.

काम कसं असतं ते सांगतो. उद्या उमलणारी कळी संध्याकाळी हेरायची. पाकळ्या काढायच्या, आतले परागाचे दाणे चिमट्यानं एकूण एक खुडायचे, म्हणजे फुलाला स्वतःचं फळ धरता येत नाही. वर कागदाची टोपी. सकाळी अमेरिकन फुलाचे पराग मधल्या काडीला लावायचे, टोपी परत चढवायची आणि देठाला लाल दोरा बांधायचा. बोंड धरलं तर पुढं टोपी वाऱ्यापावसानं आपोआप गळते. हे आपण केलेलं, एवढी खूण म्हणून दोरा राहतो. नंबराच्या चिठ्ठ्या मी आधी लावून पाहिल्या. पावसानं त्यांचा लगदा झाला.

ब्राह्मणपुरीला गेलो की काका ओसरीवरच्या चार माणसांत विचारत, "काय, अजून फुलेसले दोराच बांधी ऱ्हायना का? एवढं शिकना, आनि काम बायासनं."

मी हसून पाणी प्यायचो. एकदा बोंड धरलं की काका गप्प बसतील, असं मनाशी धरून पहिल्या गाडीनं शहाद्याला परतायचो.

शेतावर निंदणी-वेचणीला सातपुड्यातल्या भिल्ल बायकांची टोळी यायची. त्यांची पुढारीण भुरीबाई. आपसात त्या भिलीत बोलत, आमच्याशी अहिराणीत. माझं नाव त्यांनी पहिल्याच आठवड्यात पाडलं: दोरावाला. मला त्यांचा त्रास एवढाच होता की दोरे टिकत नव्हते. शहाद्याच्या बाजारातला तो झळझळीत लाल दोरा निंदताना हाताला लागला की एखादी तोडून पोरीच्या वेणीला बांधी. एके दिवशी भुरीबाईनं कंबर सरळ करत विचारलं, "काय रे भाऊ, फुलले दोरा काबर बांधी ऱ्हायना?"

खरं सांगायला अर्धा तास लागला असता. पराग म्हणजे काय इथून सुरुवात. मी म्हणालो, "नवसना दोरा शे, बाई. हात नका लावा."

"कसाना नवस?"

"फळ धराना."

तिनं हातातलं खुरपं खाली ठेवलं. बाकीच्या बायकांकडे वळून भिलीत काहीतरी सांगितलं. त्या दिवसापासून माझ्या एकाही दोऱ्याला कोणी बोट लावलं नाही. वाटेत फांदी आली तर बायका लुगडं आवरून वळसा घालून जात. माझ्या युक्तीवर मी खूश होतो.

थोड्या दिवसांनी भुरीबाई माझ्या छपरीपाशी आली. "माले बी दे दोरा. मन्ही वहूले लगीन व्हईसन इतला दिन व्हई गयात, काही धरेल नही."

तिच्या सुनेसाठी होतं ते. मी हसत रिळाचा चांगला लांब दोरा तोडून दिला. मनगटाला बांधील, असं वाटलं. खरं म्हणजे काहीच वाटलं नाही. मला सुटका हवी होती.

त्यानंतर मला हिवतापानं धरलं आणि मी ब्राह्मणपुरीला जाऊन पडलो. उठून परत आलो तेव्हा कपाशी छातीपर्यंत वाढलेली. ओळीतून चालू लागलो आणि पाय थबकला. लाल दोरा, आणि दोऱ्यावर बोंड. पुढच्या झाडावर आणखी एक. भरलेलं, हिरवं, टणक. मी ओळीच्या ओळी फिरलो. कोणालाच न जमलेलं माझ्या ओळींत जमलं होतं.

मी प्रोफेसरांना तार केली. ते सुरतेकडून तापीच्या गाडीनं नंदुरबारला उतरले आणि तिथून धुळीनं पांढरे होत शहाद्याला आले. त्यांनी एकेक बोंड बोटांत धरून पाहिलं. मग म्हणाले, "समितीला मी आजच लिहितो." शेतावरचे मुख्य अधिकारी, ज्यांना आम्ही मोठे साहेब म्हणायचो, त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

बोंडं फुटायला लागली तेव्हा मी ती स्वतः खुडायला बसलो. पहिल्याच दोऱ्याला हात लावला आणि गाठ दिसली. माझी गाठ एकेरी, ओढली की सुटणारी. इथं एकावर एक, घट्ट, पाण्यात भिजवून आवळलेल्या गाठी होत्या. दुसऱ्यावर त्याच. तिसऱ्यावर त्याच.

मी भुरीबाईला बोलावलं. "हाऊ दोरा कोनी बांधा?"

"मी बांधा," ती म्हणाली. तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. "आनि हाऊ रेवलीनी बांधा, तिन्हा पाय दुखस म्हनीसन. तू दिन्हा तोच दोरा शे, तुकडा करीसन आम्ही समदासनी वाटी लिन्हा. जठे एक नवस बांधेल ऱ्हास तठेच दुसरा बांधतंस ना, भाऊ."

एका ठिकाणी नवस लागला की तिथंच इतरांनी आपापला बांधायचा, ही त्यांची रीत. धरलेलं बोंड बघून बांधायचा, म्हणजे धरलेलं टिकतं. माझी फुलं केव्हाच गळून मातीत गेली होती. हाती होती ती साधी देशी बोंडं, झाडाची स्वतःची.

त्या दिवशी मी जेवलो नाही. पण एक ठरवायला मला वेळ लागला नाही: खोटं बोंड मी समितीपुढे नेणार नव्हतो. नेलं असतं तर पुढच्या पावसाळ्यात त्या सरकीतून उगवलेल्या झाडांनीच ते उघडं पाडलं असतं. मी प्रोफेसरांना आणि मोठ्या साहेबांना लेखी कळवलं. कळवणं इंग्रजीत होतं. त्याचा अर्थ असा: अडाणी मजूर बायकांनी अंधश्रद्धेपोटी प्रयोगात ढवळाढवळ केली, त्यामुळे निष्कर्ष बाद समजावा.

यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं, असं मी तेव्हा स्वतःला बजावलं. नवसाची अक्कल कोणी दिली आणि दोरा कोणाच्या रिळाचा, एवढंच त्यात नव्हतं.

मोठ्या साहेबांनी कळवणं वाचलं आणि मुकादमाला हुकूम दिला. टोळी त्याच आठवड्यात काढली. बायका भांडल्या नाहीत. मुलं पाठीला बांधून खांडबाऱ्याच्या वाटेला लागल्या. तिथून गाडीनं गुजरातेत रस्त्याची खडी फोडायला. भुरीबाई जाताना माझ्या छपरीवरून गेली. मी आत चिमटे पुसत होतो. पुसलेलेच पुसत होतो.

मग मुलाखत झाली. अध्यक्षांनी विचारलं, "हे तुम्ही स्वतःहून कळवलंत?"

"हो."

"कळवलं नसतंत तर?"

"पुढच्या पावसाळ्यात झाडांनी कळवलं असतं."

सगळे हसले. एक सदस्य म्हणाले, "असा प्रामाणिक माणूस आम्हाला हवा." जागा मला मिळाली. म्हणजे बघा, बोंडानं मिळायची ती प्रामाणिकपणानं मिळाली. अधेमधे कोणी माझ्या त्या प्रामाणिकपणाचं कौतुक करतं, तेव्हा मी चहाचा कप उचलतो.

पुढच्या हंगामात पुरावा हवा म्हणून मी त्या बोंडांची सरकी वेगळी पेरली. एक छोटी ओळ, बांधाच्या कडेला. उगवली ती पानापानानं देशी. जुनी झाडं तोवर उपटून जाळली होती. कपाशी पुन्हा फुलावर आली तेव्हा एके सकाळी फाटकाशी राखणदाराचा आवाज चढलेला ऐकला.

"आठे आते बायासले काम नही, सांगं ना तुले."

"काम नही मागी ऱ्हायनू मी. दोरावाला कोठे शे? नवस फेडाले उनू."

भुरीबाई होती. काखेत कोंबडी, पाठीच्या झोळीत मूल. मी राखणदाराला बाजूला केलं. ती माझ्याकडे बघून हसली. मागचं काहीच झालं नसल्यासारखी.

"नात व्हयनी," झोळी पुढं घेत ती म्हणाली. "खडीना कामवरच व्हयनी. वहू बी बरी शे. ते झाड दखाड."

"उपटं, बाई."

"उपटं?" तिचा चेहरा एकदम उतरला. "मंग नवस कोठे फेडू?"

हा प्रश्न तिच्या लेखी लहान नव्हता. नवस बोलायचा आणि फेडायचा नाही, म्हणजे झोळीतल्या पोरीचं काय होईल याची भीती तिच्या डोळ्यांत सरळ दिसत होती. खडीच्या कामावरून पदरच्या भाड्यानं ती एवढ्यासाठी आली होती. मला एकदम ती बांधावरची ओळ आठवली.

"चाल," मी म्हणालो. ओळीपाशी नेऊन दाखवलं. "तू दोरा बांधेल व्हता ना, त्याच बोंडना बीनी हाई ओळ शे."

तिनं वाकून पानं चाचपली, एक बोंड हातात धरून पाहिलं. "मंग हाई त्यानी लेक शे," ती म्हणाली. "चाली."

तिनं कनवटीची मोहाची बाटली काढली. ती मुळाशी धार सोडत होती आणि मी उभा होतो. तिथं मला गप्प राहवेना. तेवढं तरी झालं.

"भुरीबाई, तो नवस नव्हता. दोरासले कोनी हात लावू नही म्हनीसन मी तुले खोटं सांगं."

तिची धार थांबली नाही. संपल्यावर तिनं बाटली उपडी करून झटकली.

"तू खोटा बांधा. मी खरा बांधा," ती म्हणाली. "आते हाई कोंबडी धर जराशी."

मी कोंबडी धरली. मुंबईहून शिष्यवृत्ती मिळालेला माणूस बांधावर फडफडती कोंबडी धरून उभा होता, आणि राखणदार तोंडावर उपरणं धरून हसत होता. पुढचं मी बघितलं नाही.

निघताना तिनं विचारलं, "आमले कामवरथीन कोनी काढं?"

"मी."

"मंग तूच लाव." मूल पाठीला घेऊन ती फाटकाकडे चालू लागली.

मी तिथूनच मोठ्या साहेबांच्या कचेरीत गेलो. हातांना कोंबडीचा वास होता. म्हणालो, "भुरीबाईची टोळी परत पाहिजे."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तूच त्यांच्याविरुद्ध लिहिलंस ना?"

"लिहिलं. चूक लिहिलं."

"काय चूक?"

सगळं खरं सांगायचा तो क्षण होता. मी म्हणालो, "बारीक कामाला त्यांच्यासारखा हात दुसऱ्या कोणाचा नाही. त्या नसतील तर माझं काम होणार नाही." हेही खरंच होतं. माझ्याजवळ अशी खरी वाक्यं नेहमी तयार असतात. साहेब बराच वेळ ना-ना करत राहिले, मी दारातून हललो नाही, आणि शेवटी टोळी परत आली.

या वेळी मी सगळ्यांना बांधावर बसवून सांगितलं. अर्धा तास लागेल असं वाटलं होतं. त्याहून कमी लागला. मोहाची, आंब्याची फुलं त्यांनी माझ्यापेक्षा जास्त बघितली होती. त्यांना अडलं ते एवढंच की झाडांचं लग्न माणसानं का लावायचं. रेवली म्हणाली, "इतला लांबनं सोयरं जोडस, मंग फूल रुसनारच." तिचं म्हणणं आमच्या शास्त्राहून फार वेगळं नव्हतं. पुढचे दोन हंगाम भुरीबाई आणि रेवली माझ्याबरोबर कळ्या करत होत्या. नवसाचे दोरे त्या बांधावरच्या ओळीला बांधायच्या, कामाचे कामाच्या ओळींना. एकाचा दुसऱ्यात कधी घोटाळा झाला नाही.

आणि एक बोंड धरलं. त्यातली बहुतेक सरकी पोचट निघाली. एक उगवली. झाड उंच झालं, दोन्ही घरांचं पान घेऊन आलं, फुलांनी लगडलं आणि त्याला एकही फळ आलं नाही. का येत नाही, हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवण्यात माझा प्रबंध झाला. ब्राह्मणपुरीत काकांनी विचारलं, "म्हंजे धरनं का नही?" मी सांगितलं, "धरनं, पन पुढं धरत नही." ते म्हणाले, "मंग तुले डॉक्टर का बरं करं?"

प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात ते वाक्य तसंच राहिलं. अडाणी मजूर बायका, अंधश्रद्धा, ढवळाढवळ. परीक्षकानं त्याच वाक्याशेजारी माझ्या सचोटीबद्दल दोन चांगले शब्द लिहिले. ज्या बायकांनी त्या प्रबंधातल्या निम्म्याहून जास्त कळ्या केल्या, त्यांच्याबद्दल त्यात तेवढंच आहे. भुरीबाई आता नाही. तिनं ते वाचलं नाही, पण तिच्या भाषेत ते कधी कोणी वाचून दाखवलं असतं तर काय ऐकू आलं असतं, याचा विचार मला पुष्कळ वर्षं सोडत नव्हता.

या उन्हाळ्यात मी विद्यापीठाच्या कचेरीत गेलो आणि ते वाक्य बदलायची परवानगी मागितली. कारकून सज्जन होता. "साहेब, बांधलेला प्रबंध उघडत नाहीत," म्हणाला. मी पुन्हा गेलो. तिसऱ्यांदा गेलो. आता अर्ज वरच्यांकडे आहे आणि मी तो सोडणार नाही. तोवर हे इथं छापून यावं, शहाद्याच्या दुकानात कोणी पुडी सोडताना वाचावं: त्या वर्षी प्रयोगात खोट घातली ती मी. नवस मी सांगितला, दोरा मी दिला, आणि पोट त्यांचं मारलं.

माहितीत एक भर घालतो, म्हणजे लेख पुरा होईल. पुढच्या वर्षी आमच्याकडे डॉक्टरेटची एक जागा सुटत आहे. रसायन, पदार्थविज्ञान, वनस्पती, कोणीही अर्ज करावा. आपल्या भागातल्या मुलांनी तर जरूर. मुलाखतीत मी एक प्रश्न विचारणार आहे: तुमच्याबरोबर काम करणाऱ्या माणसांना तुमचं काम काय आहे, ते तुम्ही सांगितलं आहे का? ज्याला उत्तर द्यायला अवघड जाईल त्यानं आधी ते सांगून यावं, मग गाडीत बसावं.

मुंबईहून मी पुढं याच शेतावर परत आलो; बांधावरची ती ओळ अजून आहे. दर वर्षी मी तिची सरकी राखतो आणि पेरतो. शास्त्राच्या दृष्टीनं तिचा काहीही उपयोग नाही. टोळीतल्या आताच्या बायका अजून तिथं दोरे बांधतात. नवा विद्यार्थी आला की हमखास विचारतो, ही ओळ कशासाठी, आणि मी हमखास सांगत आलो, "तुलनेसाठी."

परवा या वर्षीच्या मुलानं तेच विचारलं. मी त्याला म्हणालो, "ही भुरीबाईच्या नवसाची."

तो वही उघडून उभा होता. जरा घुटमळला. "सर, असं कसं लिहू?"

"असंच लिही," मी म्हणालो, आणि तो लिहीपर्यंत तिथंच उभा राहिलो.